दहापैकी नऊ

कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर बायको-पोराला घेऊन नवी गाडी घ्यायला निघाला. शोरूमच्या दारात तो थबकला.

दार सबंध काचेचं. काच अशी लख्ख पुसलेली, की ती आहे की नाही तेच उमगेना. ग्रेडर दोन्ही हात पुढे धरून चाचपत निघाला.

"अहो, सावकाश," मागून बायको म्हणाली. "फुटली तर भरून द्यावी लागेल."

"आई, गप की," पोरगा दबक्या आवाजात म्हणाला. त्याने लग्नातला शर्ट घातला होता आणि तो पोटावर ताणला होता.

आतली फरशी बघून ग्रेडरने चपला काढल्या. बायकोने तर आपल्या केव्हाच काखेत घेतल्या होत्या. दारावरचा राखणदार हसला. "घाला हो आजोबा. इथं कुणी काढत नाही." चपला पुन्हा घालताना ग्रेडरचा तोल गेला आणि त्याने आधाराला हात टेकला, तो नेमका एका कोऱ्या पांढऱ्या गाडीवर. हात उचलला तर पंजाचा ठसा तसाच राहिलेला. त्याने बाहीने तो पुसला. मग बाहीचा डाग पडला का ते वाकून बघितलं.

खरं म्हणजे हौसेने कुणी आलं नव्हतं. यंदा पावसाने दगा दिला. कापसाची झाडं मांडीच्या वर गेलीच नाहीत, बोंडं सुपारीएवढी होऊन वाळली. कापसातली सरकी काढणारी जिनिंग दरवर्षी उन्हं तापेपर्यंत घरघरायची, यंदा थंडीतच तिला घरघर लागली. ग्रेडर त्या जिनिंगच्या आवारात कापसाची प्रत ठरवायचा. त्याचं काम अजून चाललं होतं, कारण थोडा का होईना कापूस येत होता. पण गाठी बांधायच्या प्रेसवर असलेल्या त्याच्या पोराला घरी बसवलं. त्यातच शहराची बस बंद झाली. शाळेच्या बाई, दवाखान्यातली नर्स, दर आठवड्याला रक्त तपासायला जाणारे म्हातारे, सगळे फाट्यावर ताटकळायला लागले. पोरगा म्हणाला, आपण गाडी घेऊ, मी ने-आण करतो. बायकोच्या हातातलं, गळ्यातलं गेलं, घरामागची जमिनीची पट्टी गेली. त्याविषयी घरात कुणी बोलत नव्हतं.

तिघं कोचाच्या कडेवर बसले. एका टाय लावलेल्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं, मग शेजारच्याला म्हणाला, "वापरलेल्या गाड्या मागच्या गेटला आहेत, सांग त्यांना." ते कुजबुजत बोलण्याचीही त्याला गरज वाटली नाही. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ग्रेडर उठायलाच लागला होता.

"नवीच बघायला आलेत ते," कुणीतरी म्हणालं. "काका, बसा. काकू, पाय वर घेऊन बसा हवं तर."

पोरगी विशीतली असेल, फार तर तिशीला टेकलेली. अंगात कंपनीचा निळा कोट. कोट तिच्या मापाचा नव्हता, बाह्या बोटांवर यायच्या आणि ती त्या सारख्या मागे सारायची. तिने पाणी आणून दिलं. ग्रेडरने घोट घेतला आणि त्याचा डावा गाल आक्रसला. खालची दाढ किडलेली, गार लागलं की थेट मेंदूत कळ. तो काही बोलला नाही, बोलणारच नव्हता. पोरीने ग्लास हातातून काढून घेतला, आत गेली, साधं पाणी घेऊन आली. त्याविषयी तीही काही बोलली नाही.

पुढे सगळं तिनेच केलं. बायकोला मागच्या सीटवर बसवून, "गुडघे पुढे लागत नाहीत ना?" असं विचारलं. "तुमच्या म्हाताऱ्या पॅसेंजरांचेही नाही लागणार मग." पोराला चालवायला दिली तेव्हा त्याने पाय दाणकन दाबला. तो प्रेसवर होता हे तिने विचारून घेतलं होतं, म्हणाली, "दादा, ही गाडी आहे, गाठ दाबायचं यंत्र नाही. हळू दाबा." पोरगा हसला आणि गाडी नीट सुटली. कागद आले तेव्हा ग्रेडर प्रत्येक सहीआधी पेन अधांतरी धरायचा. प्रत्येक वेळी तिने तो कागद कशाचा आहे ते सांगितलं, सही करा म्हणाली नाही.

गाडी ताब्यात घ्यायला गेले त्या दिवशी सगळ्याला संध्याकाळ झाली. गाडीवरचं कापड बायकोच्या हातून काढवलं, फोटो घेतला, किल्ली दिली. या वेळात पोरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. ग्रेडरच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याच्या नजरेतून काही सुटायचंच नाही, तोच त्याचा धंदा होता.

"नंबर प्लेट आठवड्याभरात येईल, काका. ती लागेपर्यंत पॅसेंजर घेऊ नका हं," ती गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली. मग आवाज खाली आणला. "आणि कंपनीकडून फोन येईल. दहापैकी किती म्हणून विचारतील. तेवढं सांभाळा."

"सांभाळायचं काय त्यात, पोरी. भरघोस देतो बघ."

त्याला तेव्हा ते अगदी मनापासून वाटलं होतं.

फोन आला तेव्हा ग्रेडर जिनिंगच्या आवारात एका ट्रॉलीवर चढलेला होता. कापूस वरून कधी बघायचा नाही, वर सगळेच चांगला मांडतात. हात कोपरापर्यंत आत घालायचा, खालचा पुंजका उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून तोडायचा, तोडलेला धागा काळ्या बाहीवर ठेवून त्याची लांबी बघायची. मूठ मिटून सोडली की कापूस किती भरभर फुगतो त्यावरून ओल कळते. मग तो आकडा सांगायचा. पाच, साडेपाच. फार झालं तर सात. आठ त्याने कधीकाळी दिले होते, त्या शेतकऱ्याची आठवण लोक अजून काढायचे. दहा म्हणजे ज्यात काही काढायला जागाच नाही. तसा कापूस अजून उगवायचा आहे, असं तो म्हणायचा. त्याच्या आधीचा ग्रेडर मात्र एका व्यापाऱ्याला दहा द्यायचा. लोकांनी त्याला आवारातून हुसकलं, त्याची सायकल विहिरीत टाकली. तेव्हापासून दहाचा आकडा ऐकला की ग्रेडरला विकल्या गेलेल्या माणसाचा वास यायचा.

आणखी एक होतं. गुण कापला की कारण दाखवायचं. शेतकरी विचारणारच, "कशापायी कापला?" तेव्हा पानाचा चुरा, पिवळी टिकली, सरकीचा तुकडा, जे असेल ते त्याच्या तळहातावर ठेवायचं. विनाकारण कापणारा ग्रेडर म्हणजे चोर.

"सर, तुम्ही आमच्याकडून नवीन गाडी घेतली," फोनवरची पोरगी भरभर बोलली. "तुम्हाला मदत करणाऱ्या मॅडमना दहापैकी किती गुण द्याल?"

ग्रेडर ट्रॉलीवर उभा राहिला. त्याला पाण्याचा ग्लास आठवला, अधांतरी थांबलेलं पेन आठवलं.

"नऊ," तो मोठ्याने म्हणाला.

खाली हमालांचे हात थांबले. "नऊ?" एक जण ओरडला. "ग्रेडर, कुणाचा कापूस आलाय? आम्हाला तरी बघू द्या!"

ग्रेडर हसला. काहीतरी मोठं केल्यासारखं त्याला वाटलं.

"एक गुण कमी का दिला, सर?"

प्रश्न रास्त होता. कुणीही विचारलाच असता. ग्रेडरने डोळे मिटले आणि तो दिवस पुंजक्यासारखा दोन अंगठ्यांत धरून तोडला. काही सापडेना. विनाकारण कापल्यासारखं होईल म्हणून त्याने आणखी बारीक शोधलं.

"शेवटी जरा घाईत होती," तो म्हणाला. "घड्याळाकडं बघत होती."

"नोंद केली, सर. आणि माझ्याशी बोलण्याला किती द्याल?"

"तुला? आठ. आवाज चांगला आहे, पण फार भरभर बोलतेस."

मग पोरगी म्हणाली, "धन्यवाद, सर." या वेळी ती अगदी सावकाश बोलली.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं.

"नऊ!" बायको भाकरी थापता थापता थांबली. "जन्म गेला माझा चुलीपुढं, माझ्या भाकरीला साडेसातच्या वर चढला नाहीत कधी. कोण कुठली पोर, तिला नऊ!"

"बाबा म्हातारपणी सुधारले," पोरगा म्हणाला. तो अंगणातल्या गाडीवरची धूळ फडक्याने पुसत होता. सकाळीही त्याने ती पुसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवारात पुन्हा फोन वाजला. पलीकडून नळाचा आवाज येत होता, त्याच्याआड कुणीतरी दबून बोलत होतं.

"काका, मी बोलतेय. शोरूममधली."

"बोल की, पोरी. कशी आहेस?"

"काका, माझं काय चुकलं?"

ग्रेडरला काही समजेना. "कुठं काय चुकलं? मी नऊ दिले तुला!"

"नऊ म्हणजे नापास, काका. दहाच्या खाली सगळं नापासच धरतात. त्यातून तुम्ही घाई म्हणालात. तसंच्या तसं लिहून आलंय, सगळ्यांपुढं वाचलं." ती थांबली. नळ वाहतच होता. "घाई होती मला. खोटं नाही. पोरगी पाळणाघरात असते माझी. उशीर झाला की तिला दाराबाहेर बसवतात."

"मग मी सांगतो ना तुमच्या साहेबांना. आत्ता फोन..."

"नका, नका! मी फोन केला हे कळलं तर उरलंसुरलंही जाईल." कुणीतरी दार वाजवल्याचा आवाज आला. नळ बंद झाला. "ठेवते."

ग्रेडर फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. समोरच्या ट्रॉलीतला शेतकरी म्हणाला, "बघताय ना?" ग्रेडरने हात आत घातला, पुंजका उपसला, मूठ मिटली. कापूस ओला लागला. "पाच. ओल आहे," तो म्हणाला.

"ओल आहे म्हणता? वाळवून, उलथून आणलाय हो! हात लावून बघा कुणीपण!"

हमालाने हात घातला, कोरडाच बाहेर काढला आणि तो ग्रेडरकडे बघत राहिला. ग्रेडरने धोतराला तळहात पुसले. घाम ओघळत होता. घामेजल्या हाताला सगळाच कापूस ओला लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आकडा बोलून झाला होता आणि त्याच्या आवारात बोललेला आकडा मागे घेत नसत. तो नियमही त्याचाच.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही.

आठवडा गेला, प्लेट आली नाही. दुसराही सरत आला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी, कोंबड्या तिच्या सावलीला बसायच्या आणि बायको त्यांना हाकलायची. नर्स येऊन विचारून गेली. मग एक दिवस ती फाट्यावर दुसऱ्याच कुणाच्या जीपमध्ये चढताना दिसली. शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला, महिनाभरासाठी दुसरी सोय केली आहे, राग मानू नये. पोरगा रोज फोन करायचा. पलीकडून रोज गाणं वाजायचं, मग बंद व्हायचं.

शेवटी पोरगा स्वतः जाऊन आला. चप्पल काढतानाच बोलायला लागला.

"बाबा, फोनवर काय बोललात तुम्ही?"

"का? काय म्हणाले?"

"साहेब म्हणतो, तुमच्या घरून तक्रार आहे. तक्रार मिटल्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही. ज्यांनी केली त्यांनाच घेऊन या." तो उंबऱ्यावर बसला. "ती ताई गाड्यांपाशी नव्हती. आत चहा-पाणी बघते आता. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही."

"मी तक्रार नाही केली रे. मी तर..." बायकोने कधी नव्हे ते एकही टोमणा मारला नाही. त्यामुळे ग्रेडर अधिकच घाबरला.

रात्री त्याला झोप लागली नाही. प्लेट कधीच आली नाही तर? गाडी परत नेली तर? मागची पट्टी काही परत येणार नव्हती. आणि ती पोर. आणि आठवत नव्हतं तोवर बरं होतं, अशी एक तिसरी गोष्ट पहाटेच्या सुमाराला आठवली: फोनवरची भरभर बोलणारी. तिला त्याने आठ दिले होते. तिच्यावर काय पडलं असेल?

काचेचं दार या वेळी त्याला लांबूनच दिसलं. त्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते.

साहेबांची खोलीही काचेचीच. बाहेरचे सगळे आत बघू शकत होते. साहेब पोराच्याच वयाचा, दाढी कोरलेली, बोलायला अगदी गोड. "या काका, या! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत." त्याच्या पुढ्यात टेबलावर नवी कोरी नंबर प्लेट होती आणि तिच्यावर त्याने पंजा ठेवला होता, बोलण्याच्या ओघात ठेवावा तसा.

"साहेब," ग्रेडर म्हणाला. उभ्यानेच म्हणाला, बसायचं त्याला सुचलं नाही. "त्या पोरीची काही चूक नाही. माझ्या धंद्यात नऊ कुणाला मिळत नाहीत. मी खुश होऊन दिले. ते बदलून घ्या, दहा करा."

"गेलं ते, काका. एकदा आकडा सिस्टीममध्ये गेला की देव आला तरी बदलत नाही." तो हसला. "तुमच्याकडं बदलतात?"

ग्रेडरला तो 'पाच' आठवला.

"तिचं सोडा. तिला आम्ही समज दिलीय, म्हणजे तुमची तक्रार आम्ही मिटवली. आता इथंच कंपनीचा फोन येईल. तक्रार कशी हाताळली म्हणून विचारतील. तो मार्क माझा आहे, काका." आवाजातला गोडवा तसाच होता, पण त्याच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. ग्रेडरला ते दिसले आणि त्याला आणखी भीती वाटली, कारण हा माणूसही भ्यायलेला होता. "माझेही साहेब वर बसलेत. मागच्या महिन्यात माझा एक मार्क गेलाय. दहा म्हणायचं. तेवढं झालं की ही प्लेट दहा मिनिटांत लावून देतो, मुलगा आजच पॅसेंजर घेईल. काय दादा?"

पोराने मान खाली घातली. "बाबा," एवढंच तो म्हणाला.

दार ढकलून कुणीतरी आत आलं. अंगात निळा कोट नव्हता. हातात ट्रे, ट्रेवर तीन ग्लास. तिने साहेबापुढे ठेवला, पोरापुढे ठेवला. त्या दोन्ही ग्लासांना बाहेरून दव धरलं होतं. तिसरा ग्रेडरपुढे ठेवला. तो बाहेरून कोरडा होता.

ग्रेडरने तिच्याकडे बघितलं. ती ट्रेकडे बघत होती. त्याने ग्लास उचलला आणि सवयीने डावा गाल आवळून घोट घेतला. कळ आली नाही.

ती अजून दारात असतानाच टेबलावरचा फोन वाजला. साहेबाने तो उचलून ग्रेडरच्या हातात दिला.

"नमस्कार, सर." पुरुषाचा आवाज होता. आधीची पोरगी नव्हती. "तुमची तक्रार आमच्या मॅनेजर साहेबांनी सोडवली, असं कळलं. त्यांच्या कामाला दहापैकी किती गुण द्याल?"

काचेपलीकडे सगळे आपापली कामं करत होते आणि सगळे बघत होते. पंजाखालच्या प्लेटचा पांढरा कोपरा तेवढा दिसत होता. पोराच्या पोटावर तोच शर्ट ताणलेला. ग्रेडरने तळहात धोतराला पुसला. कोरडा होईना, पुन्हा पुसला.

"दहा," तो म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. साहेबाने श्वास सोडला आणि प्लेटवरचा पंजा उचलला.

"धन्यवाद, सर. पूर्ण गुण देण्याचं कारण सांगाल?"

कारण तर सांगायलाच हवं होतं. कापल्याचं असो की दिल्याचं. ग्रेडरने डोळे मिटले. साहेब बोटाने स्वतःकडे खूण करत होता, ते त्याने बघितलं नाही.

"पाणी," तो म्हणाला. "पाणी गार नव्हतं. माझी दाढ दुखते, ते लक्षात ठेवलं. न सांगता. पानाचा एक कण काढायला जागा नाही हो यात."

"पाणी," पलीकडचा माणूस लिहून घेत म्हणाला. "छान. मॅनेजर साहेबांच्या नावावर नोंदवतो, सर."

"नाही, ते यांनी नाही..." ग्रेडर म्हणाला. पण पलीकडचा माणूस गेला होता आणि गाणं वाजायला लागलं होतं.

साहेब उठून त्याच्या पाठीवर थाप मारत होता. पोरगा प्लेट दोन्ही हातांत धरून बाहेर पळाला होता. ग्रेडर फोन खाली ठेवून वळला तेव्हा ती टेबलावरचे ग्लास गोळा करत होती. त्याच्या ग्लासात थोडं पाणी उरलं होतं. ती थांबली.

"काका," ती म्हणाली, "हे पिणार, की नेऊ?"